पुरे म्हणणारा

पीटरहेडला समुद्रावरून जे धुकं चालून येतं
त्याला इथली माणसं हार म्हणतात.
गळ्यात घालायचा नाही, मानायचीही नाही.
दिवे लावून कामाला निघायचं.

तशा एका सकाळी मी इशबेलच्या दुकानात शिरले,
अंगाला हॅडकचा वास, खिशात बापाची चिठ्ठी:
लोकरी मोजे दोन जोड,
गुडघ्याचं मलम,
आणि वेपच्या सेलचा चार्जर. खाली रेघ मारून, स्वस्तातला.

माझा बाप मर्डो.
छत्तीस वर्षं स्वतः वळून ओढली.
डॉक्टरने फुप्फुसाचा फोटो उजेडात धरला
तर म्हणाला, हवामान खराब दिसतंय.
आता वाफ ओढतो, हिरव्या सफरचंदाच्या वासाची.
डेकवरची पोरं त्याला किटली म्हणतात.

"घरी लावणार की बोटीवर?" इशबेलने विचारलं.
बोटीवर, म्हटलं.
तिने हातातला नऊ पौंडांचा खोका
होता तिथे परत ठेवला.

मग काउंटरवर दोन चार्जर मांडले
आणि दोन्हींत सेल मुद्दाम उलटा घातला.
एकाचा दिवा लुकलुकला, नको म्हणाला.
दुसऱ्याने काही विचारलंच नाही,
निमूट कामाला लागला.
तिने झटक्यात वायर ओढली.
"उलटसुलट ज्याला कळत नाही
त्याच्या शेजारी झोपायचं नाही.
आणि बंकमध्ये तर मुळीच नाही,
पळणार कुठे, पाण्यात?"

चार पूर्णांक दोन व्होल्ट, ती म्हणाली,
तिथे हात आखडता घ्यायला हवा.
पुढे एक घोटही नाही.
प्रत्येक घराचा हिशोब वेगळा हवा,
आणि भरायची घाई नको:
कोमट चालेल, चटका बसला तर काढ.
साल फाटलेला सेल वापरू नको,
किल्ल्यांच्या खिशात तर कोणताच नको.
(बापाच्या खिशात किल्ल्या, नाणी, गळ,
एकदा तर अख्खा बोंबील निघाला होता,
म्हणजे इथला कुठला तरी तसलाच मासा.)

"आणि जोडी मोडायची नाही.
एकत्र आणलेले दोन एकत्रच वापरायचे, एकत्रच भरायचे.
नव्याशेजारी जुना घातला
की जुना पिचतो."
आई ॲबर्डीनला असते.
मी मोज्यांचा रंग बघत राहिले.

चौतीस पौंड.
हॅडक सोलायचे जवळजवळ तीन तास.
"एवढं काय आहे यात?" मी विचारलंच.
इशबेलने चष्मा कपाळावर चढवला.
"याला पुरे म्हणता येतं, पोरी."

आमच्या घरात तो शब्द
ग्लासापुढे बापाला कधी सुचला नाही.
आईला सुचला, बावीस वर्षांनी,
एका बॅगेत मावेल एवढा.

पैसे मोजले. तिने सेलची प्लॅस्टिकची डबी वर फुकट दिली.

धक्क्यावर बापाने खोका उलटापालटा केला.
"एवढ्यात चहा पण करतो का?"
मी सगळं सांगितलं, बोटं मोजत.
झोपताना लावायचा नाही, जागा असशील तेव्हाच.
"म्हणजे याच्या उशाला बसायचं?"
हो, म्हटलं.
त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं,
मग दोरांकडे.

नऊ दिवस. उत्तरेला वारा आठाच्या वर.
रात्री दात घासताना मला
एक लाल ठिपका दिसायचा,
डिझेलच्या आणि ओल्या लोकरीच्या अंधारात,
आणि तो हिरवा झालेला मला कधी दिसायचा नाही.

दहाव्या दिवशी, रेंजच्या काठावरून, मेसेज.
हिरवा झाला. काढला.
त्याच्याखाली, बऱ्याच वेळाने:
बसलो होतो.

माझ्या हातात रबरी मोजे होते, सुरी होती,
पट्ट्यावरून मासे येतच होते.
संध्याकाळी हात धुऊन लिहिलं,
बरं.